२५ लाखांचं घर ३५ लाखांवर कसं जातं? हे शिकवणारं अर्थशास्त्र कुठे शिकता येतं?

घर बांधून झालेल्या कुणालाही विचारा, गोष्ट बहुतेक सारखीच ऐकायला मिळते. "मिस्त्री म्हणाले होते २५ लाखांत होईल. ३५ गेले, अजून कंपाउंड बाकी आहे."

मग कारणं सांगितली जातात. स्टील वाढलं, पावसात काम थांबलं, कामगार दिवाळीला गावी गेले ते महिनाभर आलेच नाहीत, मध्येच बाथरूमची जागा बदलली. कारणं खरी असतात, पण यातल्या कशाचे किती पैसे लागले हे विचारलं की कुणाकडेच उत्तर नसतं.

हे फक्त गावाकडच्या घराचं नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतूचं भूमिपूजन १९९९ मध्ये झालं. तेव्हा खर्चाचा अंदाज साधारण ६६० कोटींचा होता आणि पूल पाच वर्षांत उभा राहणार होता. तो वाहतुकीला खुला झाला ३० जून २००९ रोजी. तोवर खर्च १६०० कोटींच्या घरात गेला होता.

आणि हे फक्त आपल्याकडचंही नाही. डेन्मार्कचे संशोधक बेंट फ्लुबियर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० देशांतले २५८ वाहतूक प्रकल्प तपासले आणि २००२ मध्ये निष्कर्ष छापले. दर दहांपैकी नऊ प्रकल्पांमध्ये खर्च अंदाजापेक्षा जास्त झाला होता. रस्त्यांमध्ये ही वाढ सरासरी २० टक्के, पूल आणि बोगद्यांमध्ये ३४ टक्के, तर रेल्वेमध्ये ४५ टक्क्यांच्या आसपास होती.

आता गंमत बघा. अंदाज चुकणं हे नुसतं दुर्दैव असतं, तर कधी खर्च जास्त झाला असता, कधी कमी. चूक दरवेळी एकाच बाजूला होत असेल तर त्यामागे ठरावीक कारणं असणार. ती शोधणं, मोजणं आणि आधीच हिशोबात धरणं हा एक रीतसर अभ्यास आहे. बारावीनंतर पदवीला असतानाच तो सुरू करता येतो. पण आपल्याकडे सिव्हिल म्हटलं की साइट आठवते आणि अर्थशास्त्र म्हटलं की बँकेची किंवा स्पर्धा परीक्षा. या दोघांच्या मधली जागा बऱ्याच विद्यार्थ्यांना माहीतच नसते.

पहिला धडा : मोजमाप

बांधकामातल्या अर्थशास्त्राची सुरुवात फूटपट्टीपासून होते.

समजा १००० चौरस फुटांचा स्लॅब आहे आणि जाडी ५ इंच ठरली आहे. काँक्रीट लागेल साधारण ४१७ घनफूट, म्हणजे सव्वाचार ब्रासच्या आत. आता सेंट्रिंग थोडं खाली-वर झालं आणि जाडी साडेपाच इंच झाली. डोळ्यांना फरक कळत नाही, पण काँक्रीट १० टक्के जास्त लागलं. १:१.५:३ या प्रमाणाने धरलं तर सिमेंटच्याच नऊ-दहा गोण्या वाढल्या. खडी, वाळू, मजुरी वेगळी.

स्टीलचंही तसंच. सळीचा मिलिमीटरमधला व्यास घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा. एक मीटर सळीचं किलोतलं वजन मिळतं. १२ मिमीची १२ मीटर लांब सळी साधारण १०.६७ किलोची भरते. पण भारतीय मानक १७८६ नुसार या व्यासाच्या सळीच्या वजनात ५ टक्के कमी-जास्त चालतं. ५०० सळ्या घेतल्या तर सव्वापाच टनांहून थोडं जास्त वजन होतं आणि त्यातला २६० किलोंहून अधिक फरक नियमातच बसतो. म्हणून पैसे नगावर द्यायचे की वजनकाट्यावर, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही.

इमारतीत नेमकं किती काम आहे हे मोजणं आणि त्याचं पैशात रूपांतर करणं याला क्वांटिटी सर्व्हे म्हणतात. मोजायचं कसं, म्हणजे खिडकीची जागा प्लास्टरमधून वजा करायची की नाही वगैरे, याचंही मानक आहे : भारतीय मानक १२००. कंत्राटदार आणि मालक यांच्यातली बरीच भांडणं या मोजणीवरूनच होतात.

दुसरा धडा : सर्वांत कमी दर भरणारा जिंकतो की फसतो?

सरकारी कामात आधी विभागाच्या दरसूचीवरून खर्चाचा अंदाज बनतो. मग निविदा निघते. कंत्राटदार "१० टक्के बिलो", "१५ टक्के बिलो" असे दर भरतात आणि सर्वांत कमी दरवाल्याला काम मिळतं. ऐकायला छान वाटतं, जनतेचे पैसे वाचले.

इथे अर्थशास्त्र एक वेगळाच प्रश्न विचारतं. समजा सहा कंत्राटदारांनी एकाच कामाचा खर्च आपापल्या परीने काढला. कुणाचा अंदाज थोडा जास्त, कुणाचा थोडा कमी. यात सर्वांत कमी दर कोण भरेल? एक तर जो खरोखर स्वस्तात काम करू शकतो तो, नाहीतर ज्याचा हिशोब सर्वांत जास्त चुकला तो. म्हणजे काम मिळणं हीच आपलं काहीतरी मोजायचं राहिल्याची खूण असू शकते. अर्थशास्त्रात याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात. तेलविहिरींच्या लिलावात बोली लावणाऱ्या एका अमेरिकन कंपनीच्या तीन इंजिनिअरांनी १९७१ मध्ये ही गोष्ट पहिल्यांदा मांडली. बांधकामाच्या निविदांना ती जशीच्या तशी लागू पडते.

पुढे काय होतं ते आपण बघतोच. काम मध्येच थांबतं, जादा कामाची बिलं येतात, नाहीतर माल हलका वापरला जातो. म्हणूनच महाराष्ट्रात ठरावीक मर्यादेपेक्षा कमी दर भरणाऱ्याकडून जादा सुरक्षा ठेव घेतली जाते. हा नियम का आला, हे लिलावाचं अर्थशास्त्र शिकलं की चटकन कळतं.

तिसरा धडा : साताऱ्याच्या स्लॅबचा युक्रेनशी काय संबंध?

२०२१ मध्ये आणि २०२२ च्या सुरुवातीला स्टीलचे भाव भडकले. कोविडनंतर जगभर मागणी एकदम परत आली होती. त्यात रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं आणि स्टील बनवायला लागणारा कोकिंग कोळसाही महागला. मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने स्टीलच्या अनेक प्रकारांवर १५ टक्के निर्यात शुल्क लावलं. हेतू हा की माल देशातच राहावा आणि भाव खाली यावेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते शुल्क काढलं.

ज्याने २०२० च्या भावाने घराचं काम अंगावर घेतलं होतं, त्याच्यासाठी ही बातमी थेट खिशातली होती. मोठ्या कंत्राटांमध्ये यावर उपाय म्हणून भाववाढीचं कलम असतं. त्याचं गणित समजायला सोपं आहे.

समजा १ कोटीचं बिल आहे आणि करारानुसार त्यात मजुरीचा वाटा २५ टक्के धरलाय. निविदा भरली तेव्हा कामगारांचा किंमत निर्देशांक १३० होता, काम झालं तेव्हा १४३. वाढ १० टक्के. म्हणजे १ कोटीच्या २५ टक्क्यांवर १० टक्के, अडीच लाख रुपये जास्त द्यायचे. साहित्यासाठी घाऊक किंमत निर्देशांक वापरतात. सिमेंट आणि स्टीलचं गणित अनेक करारांत वेगळं मांडतात. प्रत्यक्षातल्या सूत्रांत आणखी काही गुणक असतात, पण गाभा हाच.

हे निर्देशांक सरकार दर महिन्याला प्रसिद्ध करतं आणि ते फुकट बघता येतात. बातम्यांमध्ये "महागाई इतकी टक्के" म्हणून जो आकडा येतो, त्याच्यासारख्याच आकड्यांवर कोट्यवधींची बिलं ठरतात. निर्देशांक कसा बनतो, त्याचं आधारवर्ष बदललं की जुन्या-नव्या आकड्यांचा मेळ कसा घालायचा, हे पदवीच्या अर्थशास्त्रात शिकवतात. साइटवर अनेकांना ते सूत्र पाठ असतं, पण त्यातला निर्देशांक नक्की काय मोजतो हे माहीत नसतं.

चौथा धडा : उशिरालाही भाव असतो

समजा एका बिल्डरने ४० फ्लॅटच्या इमारतीसाठी वर्षाला १५ टक्के व्याजाने १० कोटी घेतले. इमारत एक वर्ष रखडली. एक वीट जास्त लागली नाही, तरी दीड कोटी व्याज वाढलं. प्रत्येक फ्लॅटमागे पावणेचार लाख.

दुसऱ्या बाजूला ग्राहक आहे. तो घरभाडंही भरतोय आणि गृहकर्जाचा हप्ताही. त्याचं नुकसान बिल्डरच्या हिशोबात पूर्वी धरलंच जायचं नाही. २०१६ च्या रेरा कायद्याने ते धरायला लावलं. करारातल्या तारखेला ताबा मिळाला नाही तर ग्राहक पैसे व्याजासह परत मागू शकतो, किंवा थांबायचं ठरवलं तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मागू शकतो. महाराष्ट्रात हा व्याजदर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर २ टक्के असा धरतात.

याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. तिथून पैसे काढायचे तर काम जितकं टक्के झालंय त्या प्रमाणातच काढता येतात आणि त्यासाठी आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए अशा तिघांचे दाखले लागतात. म्हणजे "काम किती टक्के झालं?" या प्रश्नाच्या उत्तरावर आता पैसे अडतात किंवा सुटतात.

काम किती झालं, हे सांगायचं कसं?

इथे डेटा येतो. एक छोटं उदाहरण घेऊ.

घराचं बजेट ४० लाख. अर्धा काळ संपला. ठरल्याप्रमाणे आतापर्यंत २० लाखांचं काम व्हायला हवं होतं. तुमचा खर्च झालाय १९ लाख. वाटतं, वा, एक लाख वाचले!

पण झालेलं काम बजेटमधल्या दराने मोजलं तर ते भरतं फक्त १६ लाखांचं. म्हणजे १९ लाख घालून १६ लाखांचं काम हाती आलंय. याच चालीने उरलेलं काम झालं तर घर पूर्ण व्हायला ४० गुणिले १९ भागिले १६, म्हणजे साडेसत्तेचाळीस लाख लागतील. शिवाय २० च्या जागी १६ चं काम झालंय, म्हणजे वेळेतही २० टक्के मागे आहात.

याला अर्न्ड व्हॅल्यू पद्धत म्हणतात आणि मोठ्या प्रकल्पांवर प्लॅनिंग इंजिनिअर हेच करत असतो. गणित सातवीचं आहे. अवघड आहे ते १६ लाखांचा आकडा प्रामाणिकपणे काढणं. त्यासाठी रोजचं मोजमाप, हजेरीपट आणि मालाची नोंद लागते.

सॉफ्टवेअर येतं, मग शिकायचं काय?

एक्सेल, पायथन, पॉवर बीआय, प्रिमावेरा ही साधनं काही महिन्यांत हाताखालची होतात. पदवीची तीन-चार वर्षं लागतात ती आकडे कुठे फसवतात हे कळायला. बांधकामात हमखास फसवणाऱ्या तीन जागा सांगतो.

एक, वेगवेगळ्या वर्षांचे रुपये. एखाद्या कंपनीने जुन्या ३० इमारतींचा खर्च घेऊन नव्या इमारतीचा अंदाज काढला. पण २०१५ चा रुपया आणि २०२४ चा रुपया एकाच रकान्यात टाकले, तर येणारा अंदाज कमीच येणार. आधी निर्देशांकाने सगळे एका वर्षाच्या भावात आणावे लागतात.

दोन, फक्त पूर्ण झालेल्या इमारती. कंपनीच्या शीटमध्ये बहुतेक वेळा पूर्ण झालेल्या कामांचाच खर्च असतो. जी कामं रखडली, सोडून दिली, कोर्टात गेली, त्यांची ओळच नसते. अशा डेटावरून काढलेला अंदाज नेहमी गोड येतो. याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात.

तीन, शून्याचा अर्थ. साइटच्या नोंदीत जुलैत पाच दिवस सिमेंटचा वापर शून्य दिसतो. घरात बसून शीट बघणाऱ्याला वाटतं नोंद राहिली. साइटवर गेलेल्याला माहीत असतं की त्या आठवड्यात पाऊस होता. हाच शून्य होळीच्या आसपास दिसला तर कामगार गावी गेले असण्याची शक्यता जास्त. आकडा सारखाच, अर्थ वेगळा. म्हणून या क्षेत्रात फक्त कोडिंग येणारा मुलगा अर्धाच तयार असतो.

फ्लुबियर्गच्या संशोधनातून आलेला उपायही पदवीच्या विद्यार्थ्याला समजेल असाच आहे. आपला प्रकल्प किती वेगळा आहे हे सांगत बसण्यापेक्षा, तशाच प्रकारच्या आधीच्या प्रकल्पांमध्ये खर्च प्रत्यक्षात किती वाढला ते बघा आणि तेवढी वाढ आधीच धरा. यामागची कल्पना डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांची. त्यातल्या काहनेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण फ्लुबियर्ग आणखी एक गोष्ट सांगतात, ती जास्त बोचरी आहे. अनेकदा अंदाज चुकत नाही, तो मुद्दाम कमी दाखवला जातो. खरा आकडा सांगितला तर प्रकल्प मंजूरच होणार नाही म्हणून. अशा वेळी आकडेमोड येणं पुरत नाही, तो आकडा बैठकीत बोलून दाखवण्याची तयारीही लागते.

मग शिकायचं कुठे?

ब्रिटन, मलेशिया, श्रीलंका इथे 'क्वांटिटी सर्व्हेइंग' ही बारावीनंतरची स्वतंत्र पदवी आहे. श्रीलंकेत मोराटुवा विद्यापीठात ती शिकवतात. ब्रिटनमध्ये या व्यवसायाची संस्था, आरआयसीएस, १८६८ पासून आहे आणि आखाती देशांतल्या मोठ्या प्रकल्पांवरही तिच्या मान्यतेला किंमत आहे.

आपल्याकडे या नावाची पाटी क्वचित दिसते. त्यामुळे बहुतेकांना रस्ता जोडून घ्यावा लागतो. तीन रस्ते आहेत.

पहिला, सिव्हिल इंजिनिअरिंग. एआयसीटीईच्या नमुना अभ्यासक्रमात अर्थशास्त्र, एस्टिमेशन आणि कॉस्टिंग यांचा एक विषय आहेच. बरेच विद्यार्थी तो 'स्कोअरिंग' म्हणून उरकतात. तो नीट करा आणि जोडीला संख्याशास्त्र घ्या.

दुसरा, अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्रातली पदवी. नव्या शैक्षणिक धोरणात मेजरबरोबर मायनर विषय घेता येतो. इकोनोमेट्रिक्स, निर्देशांक, खर्च-लाभ विश्लेषण हे इथे खोलात शिकवतात. कमी पडते ती साइट. ती सुट्टीतल्या इंटर्नशिपमध्ये भरून काढावी लागते. नकाशा वाचता येणं आणि मोजमाप पुस्तिका समजणं एवढं तरी यायलाच हवं.

तिसरा, बांधकाम तंत्रज्ञान किंवा व्यवस्थापनाची पदवी. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात बांधकाम तंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम आहे. १९८३ साली सुरू झालेली निकमार ही संस्था आता पुण्यात विद्यापीठ आहे. पदवीनंतरच्या बांधकाम व्यवस्थापनासाठी तिचं नाव जास्त ऐकू येतं.

यात २०२२ पासून एक सोय झाली आहे. यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली. त्यामुळे कॉलेजमध्ये सिव्हिल किंवा अर्थशास्त्र करताना आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी करणारी मुलं दिसतात. अभ्यास दुप्पट होतो, हे मात्र आधी लक्षात घ्या.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजला चार प्रश्न विचारा. संख्याशास्त्राचे किती पेपर आहेत? ते खऱ्या डेटावर शिकवता की फक्त पुस्तकातल्या गणितांवर? साइटवर किती आठवडे पाठवता? मागच्या दोन वर्षांतले विद्यार्थी टेंडरिंग, बिलिंग, प्लॅनिंगमध्ये किती गेले? उत्तरं गुळमुळीत आली तर चकचकीत माहितीपुस्तिकेवर जाऊ नका.

पुढे काम कुठे मिळतं?

कंत्राटदार कंपन्यांत बिलिंग, टेंडरिंग आणि प्लॅनिंग हे तीन विभाग असतात. बँका आणि वित्तसंस्थांना कर्ज देण्याआधी प्रकल्पाचा खर्च तपासणारे लोक लागतात. रिअल इस्टेट सल्लागार कंपन्या, विमा कंपन्या, लवादाची प्रकरणं सांभाळणाऱ्या फर्म इथेही हे कौशल्य चालतं. सरकारी बाजूला १५० कोटी आणि त्याहून मोठ्या केंद्रीय प्रकल्पांच्या खर्चावर आणि वेळेवर केंद्राचं सांख्यिकी मंत्रालय लक्ष ठेवतं आणि त्याचे अहवाल प्रसिद्ध करतं.

पण एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. सुरुवातीची दोन-तीन वर्षं धुळीतली असतात. पहिलं काम बहुतेक वेळा मोजपट्टी घेऊन प्लास्टर मोजण्याचं आणि रात्री बसून बिल बनवण्याचं असतं. ज्यांना ती मोजपट्टी कमीपणाची वाटते, ते पुढे आपल्याच शीटमधल्या चुका पकडू शकत नाहीत.

हे आपल्याला जमेल का, कसं तपासायचं?

फी भरण्याआधी एक रविवार काढा. महारेराच्या वेबसाइटवर जा आणि तुमच्या भागातले दहा प्रकल्प शोधा. प्रत्येकाची पूर्णत्वाची मूळ तारीख, वाढवून घेतलेली तारीख, एकूण फ्लॅट आणि विकले गेलेले फ्लॅट एका शीटमध्ये लिहा. मग बघा, उशीर कुणाला झाला? मोठ्या प्रकल्पांना की छोट्यांना? कमी विक्री झालेल्यांना की जास्त? आणि दहाच प्रकल्पांवरून असं काही ठामपणे म्हणता येईल का?

शेवटचा प्रश्न डोक्यात घोळायला लागला आणि अकरावा प्रकल्प शोधावासा वाटला, तर हा विषय तुमचा आहे. आणि नाहीच वाटला, तरी तो रविवार फुकट जात नाही. उद्या घरचे फ्लॅट बघायला निघाले की ती शीट उघडता येईल.